किसनाच्या बैलांचा कासरा

श्रावणाचे शेवटचे आठ दिवस उरले, सोयाबीनच्या शेंगा भरायला लागल्या, मुगाच्या तोडणीला बाया डबे घेऊन सकाळीच निघाल्या, की माझं डोकं आपोआप तापतं. त्याला कारण लागत नाही. चहात साखर जास्त झाली एवढंही पुरतं. शोभा, म्हणजे माझी बायको, आता सवयीनं सांगते, "पोळा जवळ आला वाट्टे. यायच्या अंगात आलं पाहा." तेवीस वर्षं पलटणीत काढली, हवालदार म्हणून घरी आलो, डाव्या गुडघ्यात लोखंडाचा एक छर्रा अजून आहे आणि या ओल्या हवेत तो ठणकतो. ठणकू दे. डोकं गुडघ्यामुळे तापत नाही. ते सुदाममुळे तापतं.

सुदाम म्हणजे आमचे सुदामभाऊ. जिल्ह्यातले मोठे पुढारी. एकेकाळचा माझा दोस्त, आणि किसनाचाही. किसना आता नाही.

आमचं गाव बीबी या बाजाराच्या गावापासून जवळ, सायकलवर अर्धा तास. पोळ्याच्या आधीच्या बाजारात बीबीला पाय ठेवायला जागा नसते. बैलांच्या कपाळावर बांधायच्या मठाट्या, गोंडे, घुंगरमाळा, शिंगांना लावायच्या रंगाचे डबे, आणि त्या रंगाचा तो डोक्यात जाणारा वास. लहानपणी हा वास आला की मला पुरणपोळीची भूक लागायची. आता गावात बैलजोड्या थोड्या राहिल्या, ट्रॅक्टर वाढले. पोरं ट्रॅक्टर धुतात, त्याच्या बोनटला झेंडूची माळ घालतात, आणि तोरणाखालून नेण्यासाठी बैलांच्या मागं रांगेत उभा करतात. म्हातारे नाक मुरडतात. मी मुरडत नाही. जो राबला त्याची पूजा करायची, एवढंच पोळ्याचं म्हणणं आहे, आणि ट्रॅक्टर राबतो.

राबला नाही त्याची पूजा मात्र मला चालत नाही.

आमच्या वऱ्हाडातल्या पोळ्याची एक रीत बाहेरच्या माणसाला सांगावी लागते. गावाबाहेर गुरं जमतात त्या मोकळ्या आखरावर आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, त्याखाली जोड्या उभ्या राहतात, आणि तोरण तुटायच्या आधी झडत्या होतात. झडती म्हणजे चार ओळींचं यमक, मोठ्यानं म्हणायचं, शेवटी महादेवाचा गजर करायचा. त्यात कोणाचीही टर उडवता येते. सावकाराची, सरपंचाची, सासऱ्याची. नियम एकच. ज्याच्यावर झडती होते त्यानं रागवायचं नाही. उत्तर द्यायचं असेल तर झडतीनंच द्यायचं. माझ्या बापावर एका साली झडती झाली होती, त्याच्या तंबाखूच्या कंजूषपणावर. बाप पोट धरून हसला, आणि दुसऱ्या दिवसापासून पुडी जरा मोकळ्या हातानं सोडायला लागला. वर्षातला तो एक दिवस असा, की गरीब माणूस तोंडावर खरं बोलून सहीसलामत घरी जातो.

आम्ही तिघं एका वयाचे. मी, किसना आणि सुदाम. एकोणिसाव्या वर्षी आम्हाला भरतीचं वेड लागलं. रोज पहाटे गाव ते बीबी रस्त्यावर पळायचं. अनवाणी. कारण बूट नव्हते, आणि बूट नाहीत हे कोणाला सांगायची लाज वाटायची म्हणून आम्ही म्हणायचो की अनवाणी पळाल्यानं पाय टणक होतात. सुदाम सगळ्यांत पुढं. हरणासारखा पळायचा, हे मी आजही म्हणेन. किसना मधे, मी मागं. किसनाला माझी दया यायची, तो मुद्दाम रेंगाळायचा आणि मग म्हणायचा, "पोटात कळ आली बे." त्याच्या पोटात कधीच कळ नव्हती.

तिघंही निवडलो गेलो. गावानं जी मिरवणूक काढली तशी मी माझ्या लग्नातही पाहिली नाही. भजनी मंडळ पुढं, दारादारातून ओवाळणी, गळ्यात झेंडूचे इतके हार की मान वळेना. माझी आई रडत होती, किसनाची आई रडत होती, सुदामची आई मात्र ताठ मानेनं सगळ्यांना साखर वाटत होती. आज आठवलं की त्या माउलीचंच मला वाईट वाटतं.

जालन्याहून गाडी होती. प्लॅटफॉर्मवर आमच्यासारखी पुष्कळ पोरं, प्रत्येकाजवळ काळी पत्र्याची पेटी. गाडी आली, आम्ही चढलो, जागा धरली. सुदाम म्हणाला, "पानी भरून आनतो," आणि किसनाची बाटली घेऊन उतरला. गाडीनं शिट्टी दिली. सुदाम आला नाही. गाडी हलली. मी दारातून वाकून पाहिलं तर तो नळापाशी नव्हता, खांबाआड उभा होता. बाटली छातीशी धरलेली. आमच्याकडंच पाहत होता. मी त्याच्या खानदानाचा उद्धार केला. किसनानं मला मागं ओढलं, आणि त्याला हात केला. निरोप देतात तसा.

मला वाटतं माझा जन्माचा राग तिथं सुरू व्हायला हवा होता. झाला नाही. कारण पुढची चूक मीच केली.

ट्रेनिंग सेंटरला पोहोचल्यावर किसना म्हणाला, "गावात त्याची लय बेइज्जती होईन. मिरवणूक निघाली रे त्याची. मायनं साखर वाटली." मग आम्ही दोघांनी बसून पत्र लिहिलं. सुदामचा उजवा कान मेडिकलमध्ये खराब निघाला, त्याला परत पाठवलं, त्याचा काही दोष नाही. अक्षर किसनाचं, खाली सह्या दोघांच्या. नवं नवं शिकत होतो ना, की सोबत्याला मागं टाकायचं नाही. पाय मोडला तर खांद्यावर घ्यायचं. त्याची हिंमत मोडली होती, आम्ही त्याला असं खांद्यावर घेतलं. शाळेच्या मास्तरांनी ते पत्र पारावर मोठ्यानं वाचून दाखवलं म्हणे. सुदाम तोवर मेहकरला मावशीकडं लपून बसला होता. गावात आला तेव्हा त्याचा कान आधीच खराब झालेला होता. त्या दिवसापासून तो कोणी बोललं की डावा कान पुढं करून ऐकायला लागला. शोभाला ही गोष्ट सांगितली तेव्हा ती हसून हसून बेजार झाली. मीही हसलो होतो. तेव्हा त्यात हसण्यासारखंच होतं.

मी सुदामला भित्रा म्हणून कधी हिणवलं नाही, आजही हिणवत नाही. भीती मला ठाऊक आहे. वरच्या चौकीवर पहिल्यांदा तोफगोळा पडला तेव्हा माझी पॅन्ट ओली झाली होती, हे मी लपवत नाही, आणि किसनानं स्वतःची कोरडी पॅन्ट मला दिली होती. आपल्या देशात कोणाला धरून फौजेत नेत नाहीत. ज्याला जायचं तो जातो. न जाणारा ज्वारी पिकवतो, पोरांना शिकवतो, एसटी चालवतो, आणि त्याच्यावाचून आमचं तिकडं पोट भरलं नसतं. पण ज्वारी पिकवणाऱ्यानं मला कधी सांगितलं नाही की लढाई कशी असते.

किसना गेला त्या वर्षी त्याची पोरगी चार वर्षांची होती. आम्ही एकाच तुकडीत होतो, एकाच चढावर. मी त्याच्यापासून वीस हात खाली होतो. पुढचं मी लिहिणार नाही. ते लिहायचं ठरवलं तर लिहिता येतं, पण मग तेही भाषणात जाईल.

पेटी गावात आली तेव्हा मी दवाखान्यात होतो, गुडघा घेऊन. गावानं काय केलं ते मला नंतर कळलं. पोळ्याला पहिल्या जोडीचा मान आमच्याकडं पाटलांचा, पिढ्यान् पिढ्या. त्या साली म्हातारे पाटील आपली जोडी घेऊन तोरणापाशी आले, थांबले, आणि बैल मागं वळवले. म्हणाले, "इथून पुढं पहिली जोडी किसनाच्या घरची." बस्स. ठराव नाही, भाषण नाही. किसनाच्या बायकोनं, कौतिकावहिनीनं, चार एकर आणि एक जोडी सोडली नाही. पण आखरावर बाईमाणूस बैल नेत नाही, बाया घरी ओवाळतात. म्हणून दर पोळ्याला किसनाच्या जोडीचा कासरा मी धरायचो. सुट्टी मिळाली नाही त्या वर्षी माझा भाऊ. रिटायर झाल्यावर दरसाल मीच. लंगडत चालायचो, पुढं किसनाचे बैल, आणि गाव बाजूला सरायचं. मला कुठल्याही मेडलपेक्षा ती शंभर पावलं मोठी वाटतात.

इकडं सुदामचा कान वाढत होता. आधी तो मेडिकलमध्ये खराब निघालेला कान होता. सुदाम ग्रामपंचायतीत निवडून आला तेव्हा तो ट्रेनिंगमध्ये गेलेला कान झाला. तालुक्याचा पुढारी झाला तेव्हा गोळीबाराच्या सरावात. जिल्ह्याला पोहोचेपर्यंत बॉम्ब जवळ फुटला होता. दरवेळी मी ऐकायचो आणि गप्प बसायचो, कारण पायाचा दगड आम्ही बसवला होता. त्यानं वरती माडी चढवली. मग तो हिरव्या-मातकट छापाचं फौजी जाकीट घालायला लागला. सभेत म्हणायचा, घराघरातून एक पोरगा सीमेवर गेला पाहिजे, एकदाचा सोक्षमोक्ष होऊन जाऊ द्या. लोक टाळ्या वाजवायचे. त्यात माझ्या ओळखीची पोरं असायची, अनवाणी पळणारी.

बीबीच्या बाजाराच्या दिवशी आम्ही चारसहा रिटायर फौजी एका टपरीवर बसतो. गजानन म्हणून एक ड्रायव्हर होता पलटणीत, बर्फानं त्याची दोन बोटं नेली. तो एकदा म्हणाला, "तुमचे सुदामभाऊ आमच्या गावात आल्ते. मले शाल देली, आन् सॅल्यूट मारला. डाव्या हातानं." सगळे हसले. मग आमच्यातला एक जण, तोही बारा वर्षं सीमेवर राहिलेला, शांतपणे म्हणाला, "हसता काऊन? रस्ता त्यानंच केला ना? दवाखान्याची गाडी त्यानंच आनली. लढला नसन, न लढू दे. समदेच लढाले गेले त राज्य कोन चालवीन?"

मी म्हटलं, "बराबर हाय तुहं. त्यानं राज्य चालवावं. लढाई नको चालवू म्हना."

गजानन आपल्या उरलेल्या बोटांत कप फिरवत म्हणाला, "त्याच्या भाषनात मानूस मरतच नाही रे. बलिदान होते फक्त." आम्ही सगळ्यांनीच माणसं मरताना पाहिली आहेत, आणि त्याला तो शब्द आमच्यापैकी कोणी वापरत नाही.

आता तो पोळा सांगतो, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. तीन वर्षं झाली. निवडणूक तोंडावर होती, सुदामला तिकीट हवं होतं. पोळ्याच्या चार दिवस आधी त्याची पांढरी गाडी माझ्या दारात. एकटा आत आला, पायऱ्यांवर बसला जुन्या सवयीनं. शोभानं चहा केला. त्यानं डावा कान पुढं न करता तिचं बोलणं ऐकलं. आमच्या घरात त्याला कानाचं नाटक करावं लागत नाही.

"दत्ता," तो म्हणाला, "यंदा किसनाच्या जोडीचा कासरा मी धरतो."

मला आधी कळलंच नाही.

"तू दरसाल धरतोच ना. यंदा मले दे. चॅनेलवाले येऊन राह्यले. दोस्ताच्या बैलाले दोस्तानं नेलं, एवढंच. आन् तू दोन शब्द बोल, आपन संग ट्रेनिंगले होतो म्हनून. शाळेले किसनाचं नाव द्याचा ठराव चार वर्षं पडून हाय, तुले ठाऊक हाय. थो कागद माह्याकडं हाय. पोळा झाला का दुसऱ्या दिवशी मंजूर."

मी विचारलं, "आन् नाही म्हनलं त?"

"नाही कायले म्हनशील?" सुदाम खरोखर गोंधळून म्हणाला. "किसनाचं नाव लागून राह्यलं बे. तुले नको हाय का?"

हवं होतं. तेच तर. आमच्या गावची पोरं ज्या शाळेत जातात तिच्या दारावर किसनाचं नाव, ही एक गोष्ट मला या जन्मात पाहायची होती, आणि तिची किल्ली या माणसाच्या खिशात होती. त्याला हाकलून द्यायची माझी हिंमत झाली नाही. मी म्हटलं, वहिनीला विचारतो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून सोललेल्या खांद्यांना लोणी-हळद चोळतात, पळसाच्या पानानं शेकतात, आणि बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. मी गेलो तेव्हा कौतिकावहिनी गोठ्यात होत्या, हात कोपरापर्यंत पिवळे. मोऱ्या डोळे मिटून उभा होता. हिरा, दुसरा बैल, आपली पाळी यावी म्हणून मान पुढं करत होता. मी बाजेवर बसलो आणि सगळं सांगितलं. कासरा, शाळा, दोन शब्द. आणि मग म्हटलं, वहिनी, अजून एक गोष्ट आहे, सुदामच्या कानाची.

"जालन्याची ना," वहिनी म्हणाल्या. चोळणं थांबलं नाही. "मले ठाऊक हाय. पहिल्या सुट्टीत आले तवाच सांगतलं होतं त्यायनं."

मी थक्क झालो. इतकी वर्षं ही बाई सुदामच्या सभांचे भोंगे या गोठ्यात बसून ऐकत होती. "मंग काऊन नाही बोलल्या कोनाले?"

"तुमी बोलले का?"

त्यांनी हिराच्या खांद्याला हळद लावायला घेतली. चोळता चोळता म्हणाल्या, "त्यायनं थे पत्र लिवलं तवा तो मानूस भेलेला होता. भेलेल्या मानसाले झाकलं, चांगलं केलं. आता तो कुठं भेलेला हाय? आता तो लोकाईच्या पोराइले भेवू नका म्हनते."

"शाळेचं काय करू?"

"तुमाले काय वाट्टे?"

मी खरं बोललो. म्हटलं, मला नाव पाहिजे वहिनी. आणि कासरा द्यायचा नाही. दोन्ही पाहिजे. त्या हसल्या, थोड्याशा. "मले बी," म्हणाल्या.

पोळ्याच्या दिवशी दुपारनंतर आभाळ उघडलं. आखरावर गर्दी, फुगेवाले, बाजूला सुदामचा मांडव, माइक, भोंगे. घुंगरांचा आवाज, नव्या रंगाचा वास, शेणाचा वास. मी किसनाची जोडी घेऊन तोरणाखाली उभा. सुदाम आला, छापाच्या जाकिटात, मागं कॅमेरेवाले. त्यानं मला मिठी मारली आणि कासऱ्याकडं हात नेला. मी हात मागं घेतला. म्हटलं, आधी झडती होऊ दे.

रात्रभर जुळवली नव्हती. गोठ्यातून घरी येईपर्यंतच्या वाटेवर जुळली होती. तेवीस वर्षं कवायतीचे हुकूम दिलेला आवाज आहे माझा, मला माइक लागत नाही. म्हटली:

तिघं निघाले फौजेले, गावानं घातले हार,
दोघं चढले डोंगर, एक जालन्याहून पसार.
एक आला पेटीत बंद, एक आला लंगडा,
गेलाच नाही तो माइकावर लढून राह्यला तगडा.

गजर झाला. आणि मग जे व्हायला नको होतं ते झालं. लोक हसले. खदाखदा. सुदामही हसला. टाळ्या वाजवल्या त्यानं, माइक हातात घेतला आणि म्हणाला, "पाहा, पोळ्याची मजा. हवालदार आमचा जिगरी दोस्त, आमची अशीच थट्टा चालते." कॅमेरेवाला माझ्याकडं अंगठा दाखवून हसला. सगळं खरं मी बोललो होतो, जालन्याचं नाव घेऊन बोललो होतो, आणि ते एका मिनिटात थट्टा झालं. रागवायचं नाही हा नियम गरिबासाठी केलेला होता. त्या दिवशी तो पुढाऱ्याच्या कामी आला. माझे कान तापले. सुदामनं पुन्हा हात पुढं केला आणि या वेळी कासरा धरलाही. मी सोडला नव्हता. दोघांच्या हातात तो एकच दोर, आणि समोर कॅमेरा. मला वाटलं, संपलं. हाच फोटो छापून येणार.

तेवढ्यात गर्दी दुभंगली. कौतिकावहिनी येत होत्या. पदर खोचलेला, हातावर कालची हळद तशीच. आखरावर बाई. म्हाताऱ्यांतला एक जण काही म्हणायला उठला, आणि त्याच्या बाजूच्यानं त्याला खाली बसवलं.

सुदाम म्हणाला, "वहिनी, तुमी कायले आल्या? मी हाय ना."

"भाऊ," वहिनी म्हणाल्या, आवाज अजिबात न चढवता, पण माइक सुदामच्या हातात होता आणि तो चालू होता, "तुमी दर सभेत म्हनता, घराघरातून एक पोरगा सीमेवर पाठवा. तुमचा पोरगा एकोनीस वर्साचा झाला. येत्या भरतीले पाठवता का? मी सोता ओवाळाले येतो त्याले. तो गाडीत बसला का पुढच्या पोळ्याले हा कासरा तुमचा."

भोंग्यातून हे सगळ्या गावानं ऐकलं. सुदामनं माइक खाली केला, पण उशीर झाला होता. त्याच्या तोंडून निघून गेलं, "त्याचं शिक्षन चालू हाय, वहिनी."

"आमच्या घरधन्याचा बी संसार चालूच व्हता," वहिनी म्हणाल्या.

या वेळी कोणी हसलं नाही. सुदामचा हात कासऱ्यावरून सुटला. माझाही सुटला. मी सोडला नाही, वहिनींनी घेतला. त्यांनी मोऱ्याच्या पाठीवर थाप मारली, पाटलांच्या नातवानं तोरण तोडलं, आणि किसनाची जोडी किसनाच्या बायकोच्या मागं आखरातून गावात शिरली. मी मागून लंगडत गेलो. रस्त्यात दारादारातून बाया ताटं घेऊन बाहेर आल्या. त्यांनी बैलांना ओवाळलं, मग वहिनीलाही ओवाळलं. अशी रीत आमच्याकडं नाही. आता आहे.

शाळेला नाव लागलं नाही, हे सांगून टाकतो. तो कागद कुठं गेला ते कोणी सांगत नाही. सुदामला तिकीट मिळालं, तो निवडूनही आला, जाकीट घालूनच आला. ज्यांना वाटतं की खरं बोललं म्हणजे खोटा माणूस पडतो, त्यांनी आमच्या भागातली एक निवडणूक पाहावी. मी वहिनीला म्हटलं होतं, माझ्या झडतीपायी नाव गेलं. त्या म्हणाल्या, "त्याच्या हातून लागलं असतं त मी रोज त्या दारावून कशी गेली असती?" गुडघा ठणकला की मला हे वाक्य आठवतं, आणि डोकं अजून तापतं. पण मान खाली जात नाही. टपरीवर आता मी जालन्याची गोष्ट ज्याला ऐकायची त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगतो, पत्रासकट, माझ्या सहीसकट. भरतीसाठी पळणारी पोरं येतात, ऐकतात. मी त्यांना जाऊ नका म्हणत नाही, जा असंही म्हणत नाही. कोण पाठवतोय ते पाहून घ्या, एवढं सांगतो.

एक गोष्ट मात्र कोणाला सांगितली नव्हती. त्या पोळ्याला जोडी घरी लावून मी परत आखरावर गेलो, माझी काठी राहिली होती. गर्दी पांगली होती. कॅमेरेवाले गेले होते. सुदाम एकटा तोरणाच्या खांबाजवळ उभा होता. मला पाहून जवळ आला. खूप हळू म्हणाला, "दत्ता, मले त्या दिवशी लय भेव वाटलं रे. पाय उचलतच नव्हता. खरं सांगतो." पस्तीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून हे निघत होतं. डोळे भरले होते त्याचे. क्षणभर तो मला पुन्हा आमच्या पुढं पळणारा पोरगा वाटला.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, "मलेबी वाटलं होतं. मुतलो होतो मी, सुद्या. आता असं कर. थो माइक चालू हाय अजून. तथी जा आन् हेच म्हन. एवढंच, भेव वाटलं म्हनून उतरलो. गाव हाय आपलं, भोंग्यातून ऐकीन. मी सोता तुले फेटा बांधतो, आन् वहिनीच्या पाया पडून पुढच्या साली कासरा तुह्या हातात देतो."

माइक दहा पावलांवर होता. गाडी त्याच्याही पलीकडं, आखराच्या टोकाला. सुदाम चालायला लागला, माइकजवळून गेला, आणि गाडीत जाऊन बसला.